फेसबुकवर आलेली प्रत्येक फ्रेंड रिक्वेस्ट घ्यायलाच हवी का?

तुम्ही विचारलंय की ढीगभर रिक्वेस्ट पडून आहेत, सगळ्यांना घेतलं नाही तर लोक शिष्ट समजतात, नातेवाईक तर तोंडावर विचारतात, मग निवडक लोकांनाच अ‍ॅड करणं चुकीचं आहे का. अजिबात नाही, बिनधास्त करा. मी हायस्कूलला शिकवते, त्यामुळे पालक, आजी-माजी विद्यार्थी, नवऱ्याच्या ऑफिसातले, माहेरच्या गल्लीतले अशा सगळ्यांच्या रिक्वेस्ट माझ्याकडे येतात आणि त्यातल्या बऱ्याचशा मी घेत नाही.

बहुतेक लोक एवढाच विचार करतात की अनोळखी माणूस घेतला तर तो आपले फोटो बघेल नाहीतर मेसेंजरवर हाय-हॅलो करून डोकं खाईल. ते आहेच, बायकांना तर हे वेगळं सांगायलाच नको. पण मला त्याहून जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. तुम्ही एखाद्याला यादीत घेतलंत की तुमच्या ओळखीच्या लोकांना त्याच्या प्रोफाइलवर तुमचं नाव दिसायला लागतं, म्युच्युअल फ्रेंड म्हणून. आणि आपल्याकडे रिक्वेस्ट घेताना लोक दुसरं काही बघतच नाहीत हो, म्युच्युअल कोण आहे तेवढं बघतात आणि कन्फर्म दाबून मोकळे होतात. म्हणजे तुम्ही एक शब्द न बोलता त्या माणसाला जामीन राहिलात.

माझ्या आत्याचं सांगते. साठीच्या पुढची आहे, स्मार्टफोन घेतल्यापासून फेसबुकवर रमते, रेसिप्या बघते, भजनाच्या ग्रुपमधे असते. तिला एका माणसाची रिक्वेस्ट आली, लष्करी गणवेशातला फोटो, परदेशात पोस्टिंग वगैरे लिहिलेलं, आणि खाली तिच्या भिशीतल्या तीन बायका म्युच्युअल. तिने घेतली. मग रोज सकाळी फुलांचे फोटो, तब्येतीची चौकशी, आणि काही दिवसांनी तुमच्यासाठी गिफ्ट पाठवलंय पण कस्टमवाल्यांनी पार्सल अडवलंय, सोडवायला पैसे भरा. नशिबाने तिने भरण्याआधी मला फोन केला. मी तिला म्हटलं आधी त्या तिघींना विचार हा कोण आहे म्हणून, तर प्रत्येकीचं उत्तर एकच, अगं तुम्ही बाकीच्या दिसलात म्हणून मी पण घेतला. सगळ्यात आधी कोणी घेतला ते शेवटपर्यंत कळलं नाही. चौघीही शहाण्यासुरत्या, संसार केलेल्या बायका आहेत, पण चौघींनी एकमेकींवर विश्वास ठेवला आणि त्या माणसाला चौघींपैकी कोणीच ओळखत नव्हतं.

दुसरा प्रकार आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या बाबतीत झाला. त्यांची फ्रेंडलिस्ट सगळ्यांना उघडी होती. कोणीतरी त्यांचा फोटो आणि नाव उचलून नवीन अकाउंट काढलं आणि यादीतल्या एकेकाला रिक्वेस्ट पाठवली, बऱ्याच जणांनी घेतली सुद्धा, सर तर आपल्या यादीत आधीच आहेत हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग मेसेज आला, हिंदीतून, की माझा एक मित्र सीआरपीएफमधे आहे, त्याची बदली झालीय, फर्निचर एकदम नवीन आहे, स्वस्तात देतोय, घेऊन टाका. सर जन्मात कधी आमच्याशी हिंदीत बोलले नाहीत, त्यावरून मला शंका आली. पण एका सहकाऱ्याने तोपर्यंत ॲडव्हान्स म्हणून पैसे पाठवले होते. असं काही झालं तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, जितका लवकर तितकं पैसे थांबवता येण्याची शक्यता जास्त.

आणि हे फक्त भामट्यांपुरतं नाहीये. केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण आठवत असेल, राजकीय प्रचाराचं काम करणारी ती ब्रिटिश कंपनी, तिच्यापर्यंत लोकांची फेसबुकवरची माहिती एका ॲपमधून पोचली होती. २०१८ मधे फेसबुकने स्वतः सांगितलं होतं की ती प्रश्नांची क्विझवाली ॲप भारतात फक्त ३३५ जणांनी घेतली होती, पण त्यांच्या मित्रयादीतून आणखी ५,६२,१२० लोकांची माहिती गेली असू शकते. ती वाट फेसबुकने त्याआधीच बंद केली होती, तरी तो आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. त्या साडेपाच लाख लोकांनी स्वतः काहीच केलं नव्हतं, कोणाच्या तरी यादीत होते एवढंच.

त्यामुळे मी एकच बघते, हा माणूस माझ्या आत्याला किंवा बहिणीला माझ्या नावावर रिक्वेस्ट पाठवेल तेव्हा मला चालेल का. चालणार असेल तर घेते. म्हणून मी अनोळखी लोकांना घेतच नाही असं नाहीये, गच्चीवरच्या बागेच्या एका ग्रुपमधून मला फार चांगली माणसं मिळाली, पण त्यांच्याशी आधी कितीतरी दिवस कमेंटमधे मिलीबग आणि शेणखतावर बोलणं झालं होतं, त्यांनी पाच-सात वर्षांत काय काय लिहिलंय ते दिसत होतं. ज्या प्रोफाइलवर चार फोटो एकाच दिवशी टाकलेत आणि बाकी काहीच नाही ते मी बघतही नाही. विद्यार्थ्यांना सांगते शाळा सोडून गेलास की पाठव, आता नको. मुलं समजून घेतात, पालकांना कधीकधी पटत नाही, पण चालू वर्गातल्या मुलांना घेणं मला बरोबर वाटत नाही. लिंक्डइनचा हिशोब वेगळा, तिथे कामाच्या ओळखीसाठीच लोक येतात.

सेटिंगमधे फ्रेंडलिस्ट कोणाला दिसावी तिथे ओन्ली मी करून ठेवा, आजच करा. मात्र त्याने म्युच्युअल फ्रेंड लपत नाहीत, ते दिसतातच, म्हणून मुळात कोणाला घेतो ते महत्त्वाचं. रिक्वेस्ट कोण पाठवू शकतं तिथेही फ्रेंड्स ऑफ फ्रेंड्स असं करता येतं.

आता नातेवाईक. इथे मी भांडत बसत नाही. जवळच्या नात्यातल्यांना घेते, आणि ज्यांना सगळं दाखवायचं नाही त्यांना रिस्ट्रिक्टेड लिस्टमधे टाकते, त्यांना फक्त पब्लिक पोस्ट दिसतात आणि आपण त्यांना तिथे टाकलंय हे त्यांना कळवलं जात नाही. ज्यांच्या राजकीय पोस्टनी डोकं फिरतं त्यांना अनफॉलो, नातं शाबूत राहतं. लांबच्या दिरांनी लग्नात सगळ्यांसमोर विचारलं होतं की वहिनी आमची रिक्वेस्ट का घेत नाही, मी सरळ सांगितलं की तिथे मुलांचे फोटो असतात म्हणून मी मोजकेच लोक ठेवते, तुम्ही व्हॉट्सॲपवर आहातच की. ते जेवायला गेले, विषय संपला.

तुमच्या त्या पडून असलेल्या रिक्वेस्ट डिलीट करून टाका, समोरच्याला त्याचं नोटिफिकेशन जात नाही. फक्त त्याआधी सगळी नावं एकदा नीट वाचा. लग्नानंतर नाव-आडनाव दोन्ही बदललेल्या आणि स्वतःच्या फोटोऐवजी गणपती नाहीतर लेकराचा फोटो लावलेल्या मैत्रिणी त्याच ढिगात असतात, माझी पाचवीपासूनची बाकावरची मैत्रीण मला तिथेच सापडली.