माळ्यावरची पेटी

(वाचकांचे प्रश्न आणि पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याची उत्तरं)

प्रश्न : माझं वय ५८. सासऱ्यांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, १९ वर्षं माळ्यावर पडून आहे. दर गुरुवारी ते ती घेऊन भजनाला जायचे. ते गेल्यावर कुणी हात लावला नाही. मुलगा म्हणतो, विकून टाक. मला शिकावंसं वाटतं, पण यजमान हसतात, "या वयात कुठे कार्यक्रम करणार आहेस?" शिवाय शाळेत समूहगीतातून मला काढलं होतं, आवाज भसाडा म्हणून. काय करू?
– एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : ताई, आधी पेटी खाली काढा. बाकीचं मग बघू.

माळ्यावर ठेवली म्हणजे जपली, असं लोकांना वाटतं. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी पेटी मात्र सहसा न वाजवल्यानेच बिघडलेली असते. आपल्या सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांचा. त्यात वर पत्रा असला तर विचारूच नका. लाकूड आकसतं, सांधे सुटतात, भात्याच्या घडीवरची चामडी तडकते. उंदरांना तर ती चामडी म्हणजे सणाचं जेवण. आतले सूर म्हणजे पितळेच्या बारीक पात्या. त्यांच्या फटीत धुळीचा एक कण अडकला तरी पाती हलायची थांबते. रोज थोडा वारा खेळता राहिला तर ही धूळ बसत नाही.

खाली काढल्यावर पुसून घ्या. समोरचे ओढायचे सगळे खटके बंद ठेवून भाता तीन-चारदा मारा. आत वारा भरला की भाता हाताला जड लागायला हवा. जड लागलाच नाही, तर वारा कुठेतरी गळतोय. मग खटका ओढा. पट्टी न दाबताच सूर वाजला तर पट्टीखालची स्प्रिंग गेली आहे किंवा लाकूड वाकलं आहे. एखादी पट्टी मुकी राहिली तर बहुतेक सुरात कचरा. एवढं टिपून घ्या आणि जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. घरी सुई घालू नका.

हे मी अनुभवाने सांगतो. वडील साखर पेठेत हातमागावर बसायचे. शनिवारी मंडळाचं तेलुगू भजन असे. मंडळाच्या पेटीतला एक सूर चढा बोलत होता. मी १६ वर्षांचा, अंगात शहाणपण. पातीच्या टोकाला घासलं की सूर चढतो आणि मुळाशी घासलं की उतरतो, हे ठाऊक नव्हतं. टोकालाच घासत बसलो. जितकं घासावं तितका तो आणखी चढे! रामनवमीच्या रात्री पेटीवाले काका ती पट्टी आली की बोट नुसतं हवेत धरायचे. बाकी कुणाला कळलं नाही, मला मात्र दर वेळी कळत होतं. वडील रागावले नाहीत. म्हणाले, उद्यापासून पेटी उचलून न्यायचं काम तुझं. या धंद्यात मी पडलो तो असा.

आता शिकण्याचं. पेटीवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांनी असतात. दोनांतली पहिली ती काळी एक, तीनांतली पहिली ती काळी तीन. काळी तीनला सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्यांवरून वर जा, खाली या. सा रे ग प ध, हा भूप राग. कुठे चुकायला जागाच नाही. आठ-दहा दिवस एवढंच करा. मग काळी एकला सा धरा, पुन्हा फक्त काळ्याच. सा रे म प ध, हा दुर्गा राग. पट्ट्या त्याच पाच, पण ऐकून बघा, घरच निराळं वाटतं. मला आज ७१व्या वर्षीही या गमतीचं हसू येतं.

भसाड्या आवाजाचं म्हणाल तर शाळेत बाई पेटीवर एक सूर धरतात आणि अख्ख्या वर्गाने त्यात गायचं असतं. ज्या मुलीचा आवाज मुळात खालचा, तिचा तिथे घोगरा होणारच. संध्याकाळी देवापुढे एकट्याने आरती म्हणताना तुमचा आवाज आपसूक कुठे लागतो ते पाहा आणि पेटीवर ती पट्टी शोधा. तो तुमचा सा. बायकांचा बहुधा काळी चार-पाचच्या आसपास असतो, तुमचा खाली निघाला तर निघू दे.

पेटी देवघराजवळ, हाताशी ठेवा. कूलरच्या ओल्या वाऱ्यासमोर नको. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत बसा. आणि यजमानांना विचारा, मी रोज भाकरी थापते ती काय प्रदर्शनात मांडायला?

प्रश्न : मुलीच्या गाण्याच्या बाई म्हणतात, पेटीने कान बिघडतो, तंबोऱ्यावरच गा. खरं आहे का?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : बाईंचं म्हणणं खोटं नाही. पेटीचे १२ सूर ठोकून बसवलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यातून निघत नाही. आकाशवाणीने अशाच कारणांनी १९४०मध्ये पेटी बंद केली होती आणि ती बंदी १९७१नंतर सैल झाली. त्या सगळ्या काळात भजनी मंडळांनी मात्र पेटी खाली ठेवली नाही. मुलगी राग शिकत असेल तर तंबोरा, मोबाइलवरचाही चालेल. घरात चौघांनी मिळून काही म्हणायचं असेल तर पेटीच.

प्रश्न : मी यंत्रमागावर काम करतो. काम करताना आपोआप गुणगुणतो, सोबती हसतात. तबला शिकावासा वाटतो, पण वेळ नाही.
– एक कामगार, अक्कलकोट रोड

उत्तर : दादा, तुमच्यापुढे आठ तास लय चालू असते. आडवा धागा नेणारा धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला की एक मात्रा धरा. चार वेळा जाऊन-येऊन झालं की आठ मात्रा, केरवा ताल एकदा पुरा : धा गे ना ती, न क धि न. ओठांतल्या ओठांत म्हणा. हात धाग्यापाशी, बोल तोंडात. धागा तुटून माग थांबला की बोल जिथे राहिला तिथून पुन्हा उचलायचा, पहिल्यापासून नाही. गणती पक्की होते ती यानेच. सोबत्यांना हसू द्या. मागांच्या त्या आवाजात त्यांना तुमचं गुणगुणणं ऐकू येतं, म्हणजे तुमचा गळा चांगलाच खणखणीत दिसतो.

कानात मात्र कापूस नको, त्याने मागांचा आवाज अडत नाही. मालकाकडे कानात घालायचे इअरप्लग मागा, नाही दिले तर स्वतः घ्या. माझे वडील नंतर २२ वर्षं यंत्रमागावर होते आणि शेवटी त्यांना भजनात झांज ऐकू यायची नाही. समोरच्याच्या हाताकडे बघून टाळी द्यायचे.

तबला इतक्यात घेऊ नका. दोन महिने मांडीवर वाजवा आणि मग मला पत्र टाका.