‘गरजेपुरती जोडणारी लिंक’ शिकू की सोडून देऊ?

प्रश्न : मी कळव्याला राहतो. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालाय, ठाण्यात सीसीएनएचा (सिस्कोच्या नेटवर्किंग सर्टिफिकेटचा) क्लास चालू आहे. महापेच्या एका नेटवर्किंग कंपनीत फील्ड इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखत दिली. त्यांच्या एका गिऱ्हाइकाचं मुख्य ऑफिस वागळे इस्टेटला आणि शाखा वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये आहे. ‘दोन ऑफिसमधली लिंक राउटर गरज पडेल तेव्हाच कशी जोडतो आणि कधी तोडतो?’ असं विचारलं. मला काहीच सांगता आलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. क्लासचे सर म्हणतात, हे आयएसडीएनच्या, म्हणजे जुन्या डिजिटल फोन-लाइनच्या, जमान्यातलं आहे, सोडून दे. काय करू?

उत्तर : सरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आयएसडीएन सीसीएनएच्या परीक्षेतून 2007 मध्येच गेलं. बी चॅनल, डी चॅनल, स्विच-टाइप पाठ करण्यात एक संध्याकाळही घालवू नकोस. पण तुला विचारलं ते आयएसडीएनबद्दल नव्हतंच. कोणत्या ट्रॅफिकसाठी लिंक उघडायची, ती कशामुळे उघडी राहते आणि कधी मिटते, हे त्यांना ऐकायचं होतं. फायबरच्या पाठीशी फोर-जीचं सिम ठेवलेल्या प्रत्येक शाखेत हा प्रश्न आजही पडतो.

आधी जुनी पद्धत, म्हणजे गरज पडली की फोन लावणारं ‘डायल-ऑन-डिमांड राउटिंग’, नीट समजून घे, म्हणजे नवी आपोआप उलगडेल. वाशीच्या पीसीवरून वागळेच्या सर्व्हरकडे पॅकेट निघालं. राउटर आधी राउटिंग टेबल, म्हणजे रस्त्यांची यादी, बघतो आणि त्यातला रूट डायलर इंटरफेसकडे, म्हणजे फोन लावणाऱ्या पोर्टकडे, बोट दाखवतो. मग डायलर-लिस्टची चाळणी लागते. हे पॅकेट ‘इंटरेस्टिंग’ आहे का, म्हणजे फोन लावण्याच्या लायकीचं आहे का, ते तिथे ठरतं. नसेल आणि लाइन बंद असेल, तर पॅकेट तिथेच टाकून दिलं जातं. असेल, तर डायलर-मॅप या यादीतून पुढच्या राउटरच्या आयपीसमोरचा नंबर काढून कॉल लागतो. त्यानंतर पीपीपी या लिंक-प्रोटोकॉलची बोलणी, चॅपने (पासवर्डवर आधारलेल्या तपासणीने) एकमेकांची ओळख पटवणं, आणि मग डेटा. हे सगळं होईपर्यंत पहिली एक-दोन पिंग (पलीकडचा जागा आहे का बघणारी पॅकेट) फुकट जातात. तो बिघाड नव्हे.

लाइन तोडण्याचा हिशेब वेगळा. सिस्कोच्या राउटरवर आयडल-टाइमआउट, म्हणजे लाइन रिकामी राहू देण्याची मुदत, मुळात 120 सेकंदांचा असतो. इंटरेस्टिंग पॅकेट गेलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. त्याच लाइनसाठी दुसरं ठिकाण ताटकळत असेल, तर फास्ट-आयडलचे 20 सेकंद लागू होतात.

मुलाखतीत बहुतेकांची दांडी उडते ती यापुढे. ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे ‘परवानगी असलेलं’ नव्हे. डायलर-लिस्ट फक्त फोन लावायचा की नाही आणि घड्याळ मागे न्यायचं की नाही, एवढंच ठरवते. लाइन एकदा उघडली की बाकीचं ट्रॅफिकही तिच्यावरून बिनदिक्कत जातं. ते अडवायचं असेल, तर इंटरफेसवर वेगळी अ‍ॅक्सेस-लिस्ट, म्हणजे काय जाऊ द्यायचं त्याची यादी, लावावी लागते. हे एक वाक्य नीट बोललास तरी समोरचा पुढे ऐकेल.

बिघाड ठरलेलेच असतात. लाइन कधीच बंद होत नाही आणि बिल फुगतं, ही सर्वात जुनी तक्रार. राउटर एकमेकांना रस्ते कळवतात ते राउटिंग प्रोटोकॉल घे: ओएसपीएफचे हॅलो दर 10 सेकंदांनी, ईआयजीआरपीचे 5 सेकंदांनी आणि रिपचे अपडेट 30 सेकंदांनी जातात. त्यांना इंटरेस्टिंग ठरवलंस तर 120 सेकंदांचं घड्याळ कधी संपणारच नाही. म्हणून अशा लाइनवर स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला, रूट देतात आणि राउटिंग प्रोटोकॉल पॅसिव्ह (त्या लाइनवर गप्प) करतात. ‘शो डायलर’ या कमांडच्या उत्तरामध्ये डायल रीझन ही ओळ असते, आणि कोणत्या आयपीवरून कोणत्या आयपीकडे जाणाऱ्या पॅकेटने फोन लावला, ते तिथे लिहिलेलं असतं. अंदाज बांधत बसण्याआधी ती ओळ वाच. बहुतेकदा एखादा टाइम सर्व्हर नाहीतर विसरलेला प्रिंटर सापडतो. उलट, फोन लागतच नसेल तर इंटरफेसवर डायलर-ग्रुप (डायलर-लिस्टला इंटरफेसशी जोडणारी ओळ) द्यायचा राहिलाय का बघ. फोन लागून लगेच तुटत असेल, तर चॅप तपास. पलीकडच्या राउटरचं होस्टनेम आणि इथलं युजरनेम अक्षरन् अक्षर जुळायला हवं, लहान-मोठ्या लिपीसकट, आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच.

आता हेच आजच्या वाशीत. मुख्य फायबर, मागे सिम. राउटर प्रत्येक रूटला ‘अंतर’ देतो आणि कमी अंतराचा निवडतो. फायबरच्या रूटला ओएसपीएफचं 110 अंतर असेल, तर सिमकडच्या स्टॅटिक रूटला 200 द्यायचं, म्हणजे मुख्य रूट गेल्यावरच तो टेबलात येतो. यालाच फ्लोटिंग स्टॅटिक म्हणतात. कागदावर झकास. पण मुख्य रूटही स्टॅटिक असेल, तर मेख वेगळीच असते. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटते दोन चौकांपलीकडे; राउटर आणि भिंतीवरचा मीडिया कन्व्हर्टर (फायबरचं साध्या वायरीत रूपांतर करणारा डबा) यांच्यातली वायर मात्र शाबूत. राउटरच्या लेखी पोर्ट अप, म्हणून रूट जागचा हलत नाही, आणि शाखा सिम असूनही ठप्प. त्यासाठी राउटरच्या आयपी एसएलए या सोयीने पलीकडचा पत्ता ठराविक सेकंदांनी पिंग करायचा आणि ‘ट्रॅक’ या सोयीने रूट त्या पिंगच्या निकालाला बांधायचा. तो पिंगही चुकूनसुद्धा सिमवरून जाता कामा नये. गेला, तर लिंक पडल्यावर सिममार्गे पिंग यशस्वी होतो, राउटर फायबरकडे परततो, पुन्हा पडतो, आणि हा लपंडाव दिवसभर चालतो. पिंगच्या पत्त्याला फक्त फायबरकडे नेणारा होस्ट रूट (त्या एकाच पत्त्यापुरता रूट) दे आणि ट्रॅकला वर-खाली होताना थोडा उशीर लाव.

दुसरी मेख सिमच्या कोट्याची. 2 एमबीपीएसने वागळेला फुटेज पाठवणारा एक कॅमेरा तासाला साधारण 900 एमबी खातो. रात्री फायबर पडलं, तर रोजचा 2 जीबीचा कोटा सव्वादोन तासांत संपतो, आणि सकाळी मार्केट उघडल्यावर बिलिंग रांगेत. वर सांगितलेली अ‍ॅक्सेस-लिस्ट इथे कामाला येते: सिमवर बिलिंग आणि फोन एवढंच, कॅमेरा आणि विंडोज अपडेट बंद. शिवाय मोबाइल सिमला बहुधा स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून गाठता येईल असा पत्ता) मिळत नाही, म्हणून वागळेचा राउटर वाशीला हाक मारू शकत नाही. व्हीपीएनचा, म्हणजे दोन ऑफिसमधला इंटरनेटवरचा खासगी, बोगदा शाखेनेच उघडायचा.

सरावासाठी पैसे लागत नाहीत. पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सराव-सॉफ्टवेअरमध्ये राउटर आणि प्रोव्हायडरचा राउटर यांच्यामध्ये एक स्विच टाक, पलीकडचा पोर्ट शटडाउन कर आणि बघ: तुझा पोर्ट हिरवाच राहतो, फ्लोटिंग रूट येत नाही. ट्रॅकचा भाग सिस्को मॉडेलिंग लॅब्सच्या मोफत आवृत्तीत कर. तिथे पाच नोड (आभासी उपकरणं) मिळतात, एवढ्याला पुरे. मागणीनुसार डायल होताना प्रत्यक्ष पाहायचं असेल, तर दोन लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये पीपीपीओई (इथरनेटवरून पीपीपी) जोड आणि पीपीपीडी या पीपीपी चालवणाऱ्या प्रोग्रामला ‘डिमांड’ आणि ‘आयडल 120’ हे पर्याय दे. ‘अ‍ॅक्टिव्ह-फिल्टर’ म्हणजे तिथली इंटरेस्टिंगची चाळणी.

परीक्षेचं म्हणशील, तर सीसीएनएची आताची 200-301 ही परीक्षा 120 मिनिटांची आहे. फ्लोटिंग स्टॅटिक आणि होस्ट रूट दोन्ही तिच्या अभ्यासक्रमात आहेत, म्हणजे या आठवड्याची मेहनत वाया जाणारी नाही. फी डॉलरमध्ये असते, थोडीथोडकी नसते. आधी नोकरी, मग परीक्षा असा क्रम लावलास तरी चालेल. महापे, रबाळे, ऐरोलीच्या पट्ट्यात डेटा सेंटर आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या कंपन्या दाटीने आहेत. वर्षभर हातात कन्सोल केबल घेऊन फिरलेल्या मुलाला तिथे एनओसीची (नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवणाऱ्या केंद्राची) दारं उघडतात, नुसत्या सर्टिफिकेटला तेवढी नाही.

मुलाखतीला जाताना एका कागदावर वागळे, वाशी, फायबर आणि सिम असं चित्र काढून ने आणि केबल कुठे तुटली तर काय होईल, ते त्यावर बोट ठेवून सांग. ऑफर आलीच, तर सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मागून घे. बाँड आहे का आणि तो मोडला तर किती भरायचं. साइटवर जाण्याचा पेट्रोल भत्ता वेगळा की पगारातच. रात्री-अपरात्री कॉल आला तर त्याची भरपाई कशी. आणि उशिरा सुटणाऱ्या पाळीला कंपनीची गाडी मिळते की कळव्यापर्यंतची सोय तुझी तूच बघायची. मूळ मार्कशीट कोणी ठेवून घ्यायची म्हटली, तर सरळ नाही म्हण. साक्षांकित प्रत द्यायची.