ऑस्ट्रेलियातलं 'उद्योग, विज्ञान व पर्यटन' खातं अडीच वर्षांतच का गुंडाळलं?

तुमच्याकडे १९९७ चं एक पत्र आहे, त्यावरचं हे खातं आज कुठेच सापडत नाही, म्हणून काही घोटाळा झाला होता का, असं तुम्ही विचारलंय. घोटाळ्यामुळे ते बंद पडलं नाही. कॅनबेरात मी बरीच वर्षं जुन्या सरकारी फायलींमध्ये काम करतोय, तिथे असली अल्पायुषी खाती नेहमी भेटतात.

हे खातं ११ मार्च १९९६ ला निघालं आणि २१ ऑक्टोबर १९९८ ला मोडलं. दोन्ही वेळा नुकतीच निवडणूक झाली होती. ऑस्ट्रेलियात खातं काढायला संसदेचा कायदा लागत नाही; घटनेच्या ६४व्या कलमाखाली कार्यकारी परिषदेच्या, म्हणजे मंत्र्यांच्या औपचारिक परिषदेच्या, सल्ल्याने गव्हर्नर जनरल ते करतात. त्यामुळे निवडणुकीनंतर नवं मंत्रिमंडळ बसलं की पाट्या बदलतात.

१९९६ मध्ये जॉन हॉवर्ड पंतप्रधान झाले तेव्हा पर्यटनाचं स्वतंत्र खातं होतं, आधीचे पंतप्रधान कीटिंग यांच्या सरकारने डिसेंबर १९९१ मध्ये काढलेलं. ते उद्योग-विज्ञानात मिसळलं आणि जॉन मूर मंत्री झाले. पर्यटन आणि विज्ञान एका छपराखाली हे आपल्याला विचित्र वाटतं, पण परकीय चलन आणणारा धंदा म्हणून पर्यटन उद्योगाशेजारी ठेवणं मला तरी पटतं. शिवाय सिडनीचं ऑलिंपिक चार वर्षांवर होतं.

१९९८ मध्ये खनिजं आणि ऊर्जा या खात्यात आली, नाव 'उद्योग, विज्ञान व संसाधने' झालं, मूर संरक्षणाकडे गेले आणि निक मिंचिन आले. पर्यटनाचं काम तिथेच राहिलं. फक्त पाटीवरून उतरलं.

म्हणून कागद खात्याच्या नावावरून शोधत बसू नका. १९६० च्या दशकात पीटर स्कॉट यांनी ऑस्ट्रेलियाच्या सरकारी अभिलेखागारात फायली खात्यांऐवजी मालिकांनुसार, म्हणजे एकाच कामातून तयार झालेल्या फायलींच्या गटांनुसार, लावायची पद्धत आणली. एक मालिका एका खात्यात सुरू होऊन तिसऱ्यात संपू शकते, आणि नोंदीत तिन्ही नावं जोडलेली असतात. पत्राच्या कोपऱ्यात फाईल क्रमांक असेल, तो राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'रेकॉर्डसर्च' या ऑनलाइन सूचीत टाकून बघा. २० वर्षांची मुदत उलटली आहे, तेव्हा फाईल बघायला मिळावी म्हणून अर्जही करता येईल.