नवे सुरू करण्याआधी काय बंद करणार?

वाचकांचे प्रश्न : महाविद्यालयीन प्रशासन

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच दुखण्याची आहेत. महाविद्यालयात बदल जाहीर होतो, परिपत्रक निघते, सह्या होतात आणि कामकाज होते तसेच राहते. चारही पत्रे सातारा व सांगली जिल्ह्यांतील आहेत. लिहिणाऱ्यांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका अनुदानित महाविद्यालयात मी गेल्या वर्षी प्राचार्य म्हणून रुजू झालो. जूनच्या पहिल्याच सभेत मी तीन गोष्टी जाहीर केल्या. प्रत्येक प्राध्यापकाने वीस विद्यार्थ्यांचे पालकत्व घ्यायचे, प्रत्येक विभागाने एक क्षेत्रीय प्रकल्प करायचा आणि अध्यापनाविषयी विद्यार्थ्यांचा लेखी अभिप्राय घ्यायचा. सभेत कोणीही विरोध केला नाही. दिवाळीपर्यंत तिन्ही योजना फायलीत उत्तम होत्या आणि वर्गात त्यांचा मागमूस नव्हता. सहकारी कामचुकार नाहीत. मग चुकले कोठे?

उत्तर : ‘सभेत कोणीही विरोध केला नाही’ हे आपले वाक्य मी दोनदा वाचले. आपल्याकडे प्राचार्यांच्या पहिल्या सभेत विरोध करण्याची रीत नाही. सभा संपल्यावर स्टाफरूममध्ये चहा येतो, कोणीतरी ‘बघू या’ म्हणते आणि योजनेचा निकाल तेथेच लागतो. नव्या प्राचार्यांना तो दिवाळीला कळतो, एवढेच.

आता थोडा हिशेब करू. वीस विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाशी महिन्यातून पंधरा मिनिटे बोलायचे म्हटले, तर पाच तास लागतात. त्याची नोंदवही लिहायला आणखी एखादा तास धरा. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचे प्रत्यक्ष अध्यापन असते. त्यावर परीक्षेचे काम, प्रवेश समिती, राष्ट्रीय सेवा योजना आणि रिक्त पदांमुळे वाट्याला आलेले दुसऱ्याचे तास. क्षेत्रीय प्रकल्पाचा किंवा इंटर्नशिपचा एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तास, आणि त्या तासांवर देखरेख करणारा माणूस तोच. आपण तीन योजना दिल्यात, पण त्यांच्यासाठी वेळ कोठून काढायचा हे सांगितले नाहीत. ज्याला वेळ कोठून काढायचा हे सांगितलेले नसते, तो माणूस तो फायलीतून काढतो. अभिप्रायाचे अर्ज एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेले आपणही पाहिले असतील.

दुसरी गोष्ट महाविद्यालयाच्या घडणीची आहे. कार्ल वाइक या अमेरिकी अभ्यासकाने १९७६ मध्ये शिक्षणसंस्थांविषयी असे मांडले की, त्यांचे भाग एकमेकांशी घट्ट बांधलेले नसतात, सैल जोडलेले असतात. भूगोल विभागात काय चालते याचा वाणिज्य विभागावर फारसा परिणाम होत नाही, आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये ठरलेली गोष्ट वर्गाच्या दारापर्यंत पोहोचेलच असे नाही. साखर कारखान्यात ऊस टाकायची गव्हाण थांबली की सारा कारखाना थांबतो. महाविद्यालयात एक विभाग वर्षभर थांबला तरी बाकीच्यांचे तास सुरू असतात. या सैलपणाला दोष म्हणून हिणवू नये, कारण वाईट आदेशही त्यामुळेच खालपर्यंत पोहोचत नाहीत. मात्र वरून एक कळ दाबली की सगळे हलेल, ही अपेक्षा येथे सोडावी लागते आणि विभागनिहाय जावे लागते.

कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाचा एक विचार मला सर्वांत उपयोगी पडला. कोणतीही परिस्थिती पुढे ढकलणाऱ्या आणि मागे ओढणाऱ्या जोरांमध्ये तोललेली असते. ढकलण्याचा जोर वाढवला तर ताणही वाढतो, म्हणून मागे ओढणारा जोर शोधून तो कमी करावा, असे त्याचे म्हणणे. मी हे वाचले होते, तरी समजले उशिरा. प्राचार्य असताना एका वर्षी मी महाविद्यालय सकाळी साडेसातला सुरू केले. दुपार ग्रंथालयासाठी मोकळी मिळेल, प्रयोगशाळा दोन पाळ्यांत वापरता येतील, असा सगळा विचार कागदावर पक्का होता. पहिल्या तासाची उपस्थिती निम्म्यावर आली. मी दंड लावला, पालकांना पत्रे पाठवली, विभागप्रमुखांना जाब विचारला. दीड महिन्याने आमच्या घंटेवरच्या मामांनी मला खिडकीशी नेले आणि फाटकाकडे बोट दाखवले. आठ वाजून दहा मिनिटांनी एसटी थांबली आणि तिच्यातून साठेक मुली उतरल्या. त्या बाजूने सकाळची ती पहिलीच गाडी होती. मामांनी घंटेखालच्या भिंतीवर खडूने गाड्यांच्या वेळा कधीपासूनच लिहून ठेवल्या होत्या. मी त्या भिंतीजवळून रोज जात होतो. त्यानंतर आगारात अर्ज दिला, गाडी काही लवकर झाली नाही, आणि आम्ही पहिला तास साडेआठवर नेला. मामांना विचारायला मला एक मिनिट लागले असते.

तेव्हा आपल्याला माझी विनंती अशी. तीनपैकी दोन योजना या वर्षापुरत्या सभेतच मागे घ्या, उघडपणे घ्या. त्यात कमीपणा नाही. पालकत्वाची योजना ठेवा, कारण ती विद्यार्थ्याला थेट जाणवते. तिच्यासाठी महिन्याचे सहा तास मोकळे करायचे, तर विभागांकडून मागवले जाणारे अहवाल एका टेबलावर मांडा. विद्यापीठाला किंवा शासनाला जाणारे बाजूला ठेवा. उरलेल्यांपैकी कोणता अहवाल शेवटी कोणी वाचला, हे कार्यालयाला विचारा. ज्याचे उत्तर मिळणार नाही, तो बंद करा. नोंदवहीत विद्यार्थ्याचे नाव, तारीख आणि दोन ओळी पुरेत; चार रकान्यांचे पान केलेत की बोलणे थांबेल आणि लिहिणे सुरू होईल. अभिप्राय घ्यायचाच झाला तर पहिले वर्ष तो ज्याचा त्यालाच बंद पाकिटात द्या, आपणही वाचू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार आपली मुदत पाच वर्षांची आहे आणि ती आणखी पाच वर्षे वाढू शकते. सगळे पहिल्या जूनमध्येच उरकण्याचे कारण नाही.

प्रश्न : सांगलीतील एका महाविद्यालयात मी सत्तावीस वर्षे कार्यालयात आहे, सध्या मुख्य लिपिक. संस्थेने संगणक प्रणाली घेतली. आता प्रवेश, शुल्क, बोनाफाईड, दाखला सगळे प्रणालीत करायचे आणि रजिस्टरही ठेवायचे, असा तोंडी आदेश आहे. काम दुप्पट झाले आणि आम्ही ‘बदलाला विरोध करणारे’ ठरलो. प्रशिक्षण दोन तासांचे झाले, तेही भर प्रवेशाच्या दिवसांत. आम्ही काय करावे?

उत्तर : साहेब, आपल्या पत्रात विरोध मला दिसला नाही, हिशेब दिसला, आणि तो बरोबर आहे. दोन्ही पद्धती एकत्र चालवणे काही काळ आवश्यकच असते, पण त्या काळाला शेवटची तारीख असावी लागते. ती तारीख लेखी मागून घ्या. प्राचार्यांना एक पानी टिपण द्या आणि त्यात तीन याद्या करा : जनरल रजिस्टरसारखी जी नोंद कागदावर कायम ठेवायचीच आहे ती, जी एक प्रवेशहंगाम दोन्हीकडे ठेवून मग कागदावरून बंद करायची ती, आणि जी आजच बंद करता येईल ती. तिसऱ्या यादीत काहीच नसेल तर प्रणाली अजून आपल्या उपयोगाची झालेली नाही, हे व्यवस्थापनाला त्या कोऱ्या रकान्यावरूनच कळेल. आपल्या टिपणावर आवक क्रमांक पडू द्या. तोंडी आदेशाला लेखी टिपणाने उत्तर देणे हा कार्यालयाचा जुना आणि सभ्य मार्ग आहे.

प्रशिक्षणासाठी परीक्षा आणि प्रवेश यांच्या मधले दिवस मागा. कंपनीचा मुलगा पडदा दाखवून जातो, त्याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. गेल्या वर्षीचे पन्नास खरे अर्ज घेऊन आपल्या लोकांनी ते स्वतः भरावेत, चुकावेत, पुसावेत आणि पुन्हा भरावेत. नाव बदललेली विवाहित विद्यार्थिनी, हप्त्याने शुल्क भरणारा विद्यार्थी, शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा आलेला विद्यार्थी, असे अडचणीचे अर्ज त्यात मुद्दाम घ्या. ते कोठे अडकतात हे आपल्याइतके कोणाला माहीत असणार?

आणि एक मुद्दा व्यवस्थापनासाठी, कारण हे सदर तेही वाचतात. सांगलीच्या कार्यालयाला संगणकाचे महत्त्व ‘आधुनिकीकरण’ या शब्दाने पटवायला जाऊ नये. २००५ आणि २०१९ चा महापूर ज्यांनी पाहिला, आयर्विन पुलाखालची पातळी तासातासाला विचारली आणि भिजलेले कागद पंख्याखाली वाळत घातले, त्यांना नोंदीची एक प्रत कृष्णेच्या काठापासून लांब असावी, हे एका वाक्यात पटते. ते वाक्य कोणी उच्चारले का, हे पाहा.

प्रश्न : मी चौतीस वर्षांची सहायक प्राध्यापिका आहे. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची समन्वयक म्हणून माझी नेमणूक झाली आहे. वार्षिक अहवालासाठी ज्येष्ठ सहकारी माहिती देत नाहीत; ‘मॅडम, मागच्या वर्षीचेच टाका’ असे सांगतात. मी त्यांना शिस्त कशी लावू?

उत्तर : आपण लावू नये. ज्यांनी आपल्याला शिकवले असेल किंवा आपल्या मुलाखतीला जे बसले असतील, त्यांना शिस्त लावण्याचा अधिकार या पदाला नाही आणि त्याचा आव आणल्याने तो येतही नाही. मागणीचे पत्र प्राचार्यांच्या सहीनेच जाऊ द्या. आपण मात्र एक काम करा : प्राध्यापकांकडून वर्षभरात तीच माहिती कोण कोण मागते, ते मोजा. शोधनिबंधांची यादी पदोन्नतीच्या फायलीसाठी, विद्यापीठाच्या वार्षिक अहवालासाठी आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी, अशी तीन वेगवेगळ्या नमुन्यांत मागितली जात असेल. तिन्ही नमुने एका पानात बसवा, मागच्या वर्षीची माहिती आधीच भरून न्या आणि सरांच्या टेबलाशी बसून ‘यात काय बदलले?’ एवढेच विचारा. त्याच पानावरून त्यांची पदोन्नतीची फाईल तयार होते हे कळले की पुढच्या वर्षी ते स्वतः येतील. एक-दोन येणार नाहीत. त्यांचा रकाना रिकामा सोडून अहवाल पाठवा, मागच्या वर्षीचे टाकू नका.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका शिक्षणसंस्थेचा सचिव आहे. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय २००७ पासून स्वायत्त आहे, साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांचे मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. आमचे महाविद्यालय मागे पडेल, अशी भीती वाटते. पुढच्या जूनपासून स्वायत्तता घ्यावी, असा संचालकांचा आग्रह आहे. प्राध्यापक मात्र उत्साही नाहीत. त्यांच्यात निकड कशी निर्माण करावी?

उत्तर : निकड निर्माण करण्याचा सल्ला व्यवस्थापनशास्त्रातून आला आहे. जॉन कॉटर यांनी १९९५ मध्ये तो बदलाची पहिली पायरी म्हणून मांडला, आणि त्यांच्या अनुभवाचा आधार प्रामुख्याने कंपन्यांचा होता. कंपनीला बाजाराची भीती दाखवता येते. अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकाने मात्र सेवाकाळात अशा पुष्कळ निकडी येऊन जाताना पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी तो शिकवत राहिला आहे. त्याच्या निरुत्साहाला अनुभवाचे नाव द्यावे लागेल.

आपण उदाहरण दिलेत त्या संस्थेचाच क्रम पाहा. कर्मवीरांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू झाले, म्हणजे मुलाच्या राहण्याजेवणाची अडचण आधी दूर झाली. १९३५ मध्ये शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले, १९४० मध्ये हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय. पहिल्या पावलापासून महाविद्यालयापर्यंत अठ्ठावीस वर्षे गेली. माणसे आणि अडथळे यांचा विचार इमारतीच्या आधी झालेला दिसतो. आपले संचालक मंडळ २०२१ कडे पाहते आहे. मी त्यांना १९३५ कडे पाहायला सांगेन.

स्वायत्ततेत नेमके काय बदलते, हे प्राध्यापकांना कोणी सांगितले आहे का? आज प्रश्नपत्रिका आणि निकाल शिवाजी विद्यापीठाकडून, कोल्हापुरातून येतात, आणि चूक झाली तर बोट कोल्हापूरकडे दाखवता येते. स्वायत्त झाल्यावर पदवी विद्यापीठाचीच राहते, पण अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल आपले होतात, आणि चुकाही आपल्याच होतात. नियामक मंडळ, विद्वत परिषद, अभ्यास मंडळे, वित्त समिती या सगळ्यांसाठी माणसे लागतात. आपल्याकडे किती पदे रिक्त आहेत आणि किती विषय तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर चालतात, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. ज्याची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, त्याच्याकडून तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची जबाबदारी मागणे कठीण आहे. त्याच्या मानधनाचा आणि नेमणुकीचा प्रश्न संस्थेने आधी हाती घ्यावा.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ प्रमाणे महाविद्यालय विकास समिती आपल्याकडे असेलच. तिच्यात निवडून आलेले प्राध्यापक आणि शिक्षकेतर प्रतिनिधी असतात. स्वायत्ततेचा विषय संचालकांच्या बैठकीतून काढून त्या समितीपुढे ठेवा, आणि इतिवृत्तात विरोधी मते नावानिशी नव्हे, पण कारणांसह लिहून घ्या. त्या कारणांची यादी हाच आपला पहिल्या वर्षाचा कामाचा आराखडा होईल. त्याच वर्षी परीक्षा विभागाची रंगीत तालीम घ्या. कायद्याने विद्यापीठाला ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावायचा असतो. आपण अंतर्गत परीक्षांचे निकाल पंधरा दिवसांत, एकही दुरुस्ती न करता लावता येतात का ते दोन सत्रे पाहा. लावता आले, तर ज्या लिपिकांनी आणि प्राध्यापकांनी ते केले त्यांनाच अर्जाचा मसुदा लिहायला बसवा. नाही आले, तर पुढच्या जूनची तारीख संचालकांनी स्वतः बदलावी आणि ती सभेत स्वतः सांगावी. प्राचार्यांच्या तोंडून वदवू नये.