पहिल्या प्रोजेक्टआधी एवढं वाच

आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) एसटीएस, म्हणजे वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठीचं छोटं संशोधन, करायचं म्हणतेस, तेही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर. विषय छान; मेडिकल असो की मेयो, नागपुरातल्या या दोन्ही सरकारी रुग्णालयांत असे पेशंट दिसतातच. पण हाताशी दोनच महिने असतात, म्हणून प्रश्न एकच ठेव. 'विदर्भातील सिकलसेल' हा प्रश्न नाही, तो ग्रंथ झाला.

एथिक्स कमिटीची (संशोधन नैतिक आहे ना, हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी हाती येईस्तोवर एकही फॉर्म भरू नको. मी घाई केली, २२ फॉर्म रद्दीत गेले.

खरी अडचण पुढं आहे. सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे रक्ताची पहिली साधी चाचणी, पॉझिटिव्ह म्हणजे सिकल हिमोग्लोबिन आहे, एवढंच. वाहक (आई-बापापैकी एकाकडूनच दोष आलेला) की आजारी, ते एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणाऱ्या चाचण्या केल्यावर कळतं. तोवर कोणाला काही सांगू नको, आणि रिपोर्ट चारचौघांत तर नाहीच. मुलगी एएस, म्हणजे वाहक, निघाली की घरात आधी लग्नाचाच विषय निघतो, बाप्पा! तेव्हा शांतपणे सांगता यायला हवं: नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळ एसएस, म्हणजे आजारी, असण्याची शक्यता २५ टक्के.

शाळेत जाणार असशील तर नुसती पालकांची सही पुरत नाही. ७ वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. संमतीपत्र मराठीत कर, वाचून दाखव. "समजलं ना?" विचारलं की सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा "काय समजलं ते सांगा" म्हण.

आणि पॉझिटिव्ह आलेल्यांना पुढं कुठं पाठवायचं, हे गाईडसोबत ठरलं नसेल तर रक्तच काढू नको.