कोळंबीचा हंगाम चारच तासांचा का?

प्रश्न : मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे वॉशिंग्टन राज्यात होतो. जावई मोठ्या हौसेने आम्हाला हूड कॅनॉल या खाडीवर स्पॉट कोळंबी पकडायला घेऊन गेले. सकाळी नऊला पिंजरे पाण्यात, दुपारी एकला सगळे बाहेर. माणशी ८० कोळंब्या, एक जास्त नाही. शेवटच्या पिंजऱ्यात भरपूर आल्या होत्या, त्या मोजून परत सोडाव्या लागल्या. पाण्यात एवढी कोळंबी असताना वर्षातून मोजके दिवस आणि तेही चार तास, हा जरा अतिरेक नाही का?

उत्तर : हाताशी आलेलं परत सोडताना जीव तुटतो, हे मला माहीत आहे. पण तुम्ही सोडलेल्या त्या कोळंब्या नेमक्या कोण होत्या, ते आधी सांगते.

स्पॉट कोळंबी वयात येते ती नर म्हणून. साधारण तिसऱ्या वर्षाच्या सुमारास तिचं शरीर पालटतं आणि तोच जीव पुढे मादी होतो. वॉशिंग्टनच्या पाण्यात तिचं आयुष्य चारेक वर्षांचं. म्हणजे मादीपण येतं ते अगदी शेवटी, आणि बहुतेकींना अंडी धरायची संधी एकदाच मिळते. शरद ऋतूत अंडी येतात. ती पोटाखालच्या पोहायच्या पायांना चिकटलेली असतात आणि पुढचे सुमारे पाच महिने मादी ती अंगावर वागवते. पाय हलवत राहून त्यांच्यावरून ताजं पाणी खेळवते. वसंत ऋतू लागता लागता अंडी फुटतात आणि पिल्लं पाण्यात मोकळी होतात.

पुढच्या वेळी पिंजरा वर आला की एक कोळंबी उताणी करून बघा. पाठीवर डोक्यामागे दोन आणि शेपटीच्या अलीकडे दोन पांढरे ठिपके तुम्ही पाहिलेच असतील. नाव त्यावरूनच पडलं आहे. पण मी पोटाकडे बघायला सांगते आहे. मे महिन्यात तिथे पाय मोकळे दिसतील. तीच नोव्हेंबरात उताणी केलीत तर दाण्याला दाणा लागलेली हजारो अंडी दिसतील, पायसुद्धा धड दिसणार नाहीत. त्या दिवसांत पिंजरा टाकला तर एका कोळंबीबरोबर तिची आयुष्यातली एकुलती एक वीण जाते. म्हणून प्यूजेट साउंडमधला, म्हणजे हूड कॅनॉल जिचा भाग आहे त्या मोठ्या खाडीतला, हा हंगाम मे महिन्याच्या आधी उघडत नाही आणि फार तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच चालू शकतो.

मग मेमध्ये तरी मोकळीक का नाही? मासे धरताना ‘लहान सोडा, मोठे ठेवा’ हा नियम पुष्कळ ठिकाणी चालतो. इथे तो उलटा पडतो, कारण मोठी कोळंबी म्हणजे मादी किंवा मादी व्हायच्या बेतात असलेली. पिंजऱ्याच्या जाळीची भोकं इंचभर रुंद ठेवायला लावतात ती लहान नर निसटून जावेत म्हणून. साहजिकच आत उरतात त्या मोठ्या. त्यांतल्या काहींचं अंड्यांचं काम आटोपलेलं असतं, पण बऱ्याच जणी येत्या शरदात पहिल्यांदाच अंडी धरणार असतात. मापाची अट इथे कामाची नाही, म्हणून किती कोळंबी बाहेर काढायची यालाच बांध घालावा लागतो.

हा बांध म्हणजे त्या त्या भागाचा कोटा. त्यातला अर्धा वाटा तिथल्या मूळ रहिवासी जमातींचा आहे, आणि तो कोणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. १८५४-५५ मध्ये झालेल्या करारांत जमातींनी जमीन दिली, पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. न्यायाधीश बोल्ट यांच्या १९७४च्या निकालाने तो हक्क सामन आणि इतर माशांच्या बाबतीत मान्य झाला, आणि न्यायाधीश रफीडी यांच्या १९९४च्या निकालाने शिंपले, खेकडे, कोळंबी यांनाही लागू झाला. राज्याच्या वाट्यातूनही व्यावसायिक आणि हौशी असे भाग पडतात. हूड कॅनॉल सिअ‍ॅटलपासून जवळ, कोळंबी मोठी आणि चवीला गोड, त्यामुळे पहिल्या दिवशी बोटी उतरवायच्या धक्क्यावर पहाटेपासून रांग लागते. एवढ्या बोटींना दिवसभर सोडलं तर हौशींचा कोटा बघता बघता संपेल. तास कमी ठेवले की दिवस वाढतात. राज्याचे कर्मचारी धक्क्यावर उभे राहून लोकांची पकड मोजतात, विमानातून बोटींची गणना होते, आणि कोटा उरला असेल तर आणखी दिवस जाहीर होतात. तेव्हा मेमधल्या तारखा हुकल्या तरी जावयांना घोषणांवर लक्ष ठेवायला सांगा.

चार तासांच्या नियमातली एक गोष्ट मात्र मला खटकते, ती म्हणजे घाई. वारा सुटलेला असला तरी ‘आजचा दिवस गेला तर गेला’ म्हणून लोक बोट काढतात. दोनशे-तीनशे फूट खोल पाण्यातून भरला पिंजरा ओढताना लहान बोट एका अंगाला कलते, आणि तिथलं पाणी मे महिन्यातही अंग बधिर करणारं असतं. लाइफ जॅकेट अंगात घातलेलं हवं, बाकाखाली ठेवलेलं नव्हे.

आणखी एक. ८० ही मर्यादा माणशी आहे, पण माणूस धरला जातो तो परवाना असलेला. तुमच्या दोघांच्या नावाने कोळंबी मोजली असेल तर तुमचे परवाने हवेत. पाहुण्यांसाठी एक ते तीन दिवसांचा परवाना मिळतो.

प्रश्न : पिंजऱ्याला एक सुती दोरी बांधायला लावतात. ती दर मोसमात कुजते. नायलॉन वापरलं तर काय बिघडलं? — त्याच भागातले एक वाचक

उत्तर : ती कुजते, म्हणूनच तर बांधायची! पिंजरा हरवतो. भरतीच्या ओढीने बोया, म्हणजे पिंजऱ्याची जागा दाखवणारा तरंगता गोळा, पाण्याखाली जातो, दुसऱ्या बोटीच्या पंख्यात दोर कापला जातो. तळाशी पडलेला पिंजरा पकडायचं थांबवत नाही. आत अडकलेला जीव मरतो, तोच पुढच्यांसाठी आमिष होतो, तेही अडकतात. प्यूजेट साउंडमध्ये नुसते खेकड्यांचेच वर्षाला सुमारे १२,००० पिंजरे हरवतात असा अंदाज आहे. कसलाही लेप नसलेली सुती दोरी काही आठवड्यांत-महिन्यांत तुटते, तिने धरून ठेवलेलं दार किंवा जाळीचा भाग उघडतो आणि आतल्यांना वाट मिळते. नायलॉनने ही वाट कायमची बंद होते. कृपा करून तसं करू नका. बोयाचा दोरही पाण्यात बुडणारा, वजनदार घ्या. तरंगता दोर कापला जातो आणि तसा वापरायला बंदीही आहे. बोया पिवळा, त्यावर नाव-पत्ता वाचता येईल असा. लाल-पांढरा असतो तो खेकड्यांचा.

प्रश्न : मी साउथ कॅरोलायनात शिकतो. इथे कोळंबीचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि मर्यादा नगावर नाही, लिटरसारख्या मापावर आहे. एकाच देशात इतका फरक का? — एक विद्यार्थी

उत्तर : कारण कोळंबीच वेगळी. तुमच्याकडची पांढरी कोळंबी जेमतेम वर्षभर जगते. वसंतात समुद्रात अंडी, उन्हाळाभर खाडीच्या गवताळ दलदलीत वाढ, आणि शरदात मोठी होऊन पुन्हा समुद्राकडे. आमिष टाकून फेकजाळ्याने पकडायचा ६० दिवसांचा हंगाम त्या परतीच्या वाटेवर बसवलेला आहे. आमिषाची जागा दाखवायला पाण्यात रोवायचे फार तर दहा खांब आणि बोटीला दिवसाला ४८ क्वार्ट, म्हणजे सुमारे ४५ लिटर, ही मर्यादा मुख्यतः सगळ्यांना वाटा मिळावा म्हणून आहे. तुमच्याकडच्या कोळंबीला माणसाइतकीच भीती थंडीची. खाडीचं पाणी बरेच दिवस ९ अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं तर ती मोठ्या संख्येने मरते. जानेवारी २०१८च्या थंडीनंतर किनाऱ्यालगतचं पाणी व्यावसायिक ट्रॉलर्सना बंद केलं होतं, कारण जगल्या-वाचलेल्या थोड्या कोळंब्याच वसंतात अंडी घालणार होत्या.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर याच्या उलट झालं. तिथली उत्तरेकडची कोळंबी स्पॉट कोळंबीच्याच कुळातली, आधी नर मग मादी होणारी, थंड पाण्यात रमणारी. मेनच्या आखाताचं पाणी झपाट्याने तापलं, २०१२ साल तर विलक्षण उष्ण गेलं, आणि २०१४ पासून तिथली व्यावसायिक मासेमारी बंद आहे. इतकी वर्षं बंदी पाळूनही साठा सावरलेला नाही.

तुम्ही मात्र यंदा जरूर जा. परवान्याबरोबर येणारे बिल्ले खांबांना लावायला विसरू नका, आणि जाळ्याची वीण नियमापेक्षा बारीक घेऊ नका. बारक्या कोळंबीला अजून वाढायला काही आठवडे हवे असतात.