दशांश दिला, उरलेल्याचे काय?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, मंडळीला (चर्चला) द्यावा हे आम्हांला मान्य आहे. परंतु घराच्या कर्जाचा हप्ता, मुलांचे शिक्षण आणि गावी राहणाऱ्या सासूबाईंची औषधे भागवून दर महिन्याला दहावा हिस्सा निघत नाही. दशांश हाती येणाऱ्या पगारावर काढावा की कपातीपूर्वीच्या? सासूबाईंचा औषधखर्च आणि आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंच्या मुलीची आम्ही भरत असलेली फी त्यात धरली तर चालेल का?
— एक वाचक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर : पगारपत्रकातील कोणता आकडा धरावा याचे उत्तर पवित्र शास्त्रात शोधू नये, तेथील दशांश धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा आणि गुराढोरांचा आहे. बहुतेक कुटुंबे हाती येणारी रक्कम धरतात. आपणही एकदा ठरवावे आणि पुन्हा त्यावर खल करू नये.

सासूबाईंची औषधे मात्र दशांशात धरू नयेत आणि दशांशासाठी थांबवूही नयेत. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, आईबापांना जे द्यायचे ते देवाला अर्पण केले आहे असे सांगून हात वर करणाऱ्यांना प्रभू येशूने कठोर शब्दांत फटकारले आहे. वडीलधाऱ्यांचा सांभाळ हे कर्तव्य आहे, औदार्य नव्हे. तो करून दहाऐवजी सहा किंवा सातच टक्के उरले, तर तेवढे मोकळ्या मनाने द्यावेत. देण्याची उत्सुकता असली म्हणजे जवळ नसेल त्याप्रमाणे नव्हे, तर असेल त्याप्रमाणे दान मान्य होते, असे प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला पत्रात लिहिले आहे. तरीही मंडळीच्या पाळकसाहेबांनी (धर्मगुरूंनी) दहाचाच आग्रह धरला, तर त्यांच्याशी हे दोन्ही उतारे उघडून नम्रपणे बोलावे.

ताईंच्या मुलीच्या फीविषयी थोडे अप्रिय लिहावे लागेल. फी हिशेबात धरण्यापूर्वी ताईंचा पगार पाहावा: शेवटची वाढ केव्हा दिली, आजारपणाचे दिवस कापले जातात का, पाहुणे आल्यावर वाढणाऱ्या कामाचे वेगळे पैसे मिळतात का. मजुराची मजुरी रात्रभरसुद्धा आपल्याजवळ ठेवू नये, असे जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे, आणि अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असे याकोबाने आपल्या पत्रात म्हटले आहे. पगार वर्षानुवर्षे तोच असेल, तर आपण भरत असलेल्या फीतील काही भाग ताईंच्याच घामाचा आहे आणि आपण तो उपकार म्हणून परत करीत आहोत. पगार रास्त असेल, तर फी हे खरे दान आहे. ते खुशाल दशांशात धरावे. कारण जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षाचा दशांश लेव्यांबरोबरच (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाबरोबरच) परके, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच ठेवला जात असे. मंडळीचा वाटा मात्र त्यामुळे अगदीच आटू देऊ नये. दिवे, सतरंज्या आणि पाळकांचा पगार यांनाही पैसे लागतात.

आपल्या पत्रात दहा टक्क्यांचा इतका विचार आहे की उरलेल्या नव्वदांविषयी एक शब्दही आला नाही, आणि विश्वासू कारभाऱ्याची परीक्षा मुख्यतः तेथेच होते. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे इंग्लिश संस्थापक जॉन वेस्ली यांनी एका प्रवचनात ऑक्सफर्डमधील एका मेथडिस्टाचे उदाहरण दिले आहे; तो तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असे मानले जाते. वर्षाला 30 पौंड मिळत तेव्हा तो 28 पौंडांत भागवून 2 पौंड देई. पुढल्या वर्षी 60 मिळाले, तरी खर्च 28 च ठेवून त्याने 32 दिले. आज संसारी माणसाला इतके साधणार नाही, आणि साधावे असा माझा आग्रहही नाही. परंतु पगारवाढीतील किती भाग घरात येऊ द्यायचा हे ती हाती पडण्यापूर्वीच ठरवणे कोणालाही जमेल.

रोख पैसा नसलेल्या घरांनीही यातून वाट काढली आहे. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रिया 1910 पासून ‘बुहफाई थाम’ पाळत आल्या आहेत: स्वयंपाकासाठी तांदूळ काढताना त्यांतला एक मूठभर वेगळा ठेवायचा, आणि साठलेले तांदूळ मंडळीसाठी गोळा करून विकायचे. ती मूठ भात शिजण्यापूर्वीच बाजूला पडते, हे लक्षात घ्यावे. महिनाअखेरीस उरेल त्यातून देऊ असे म्हटले की सहसा काहीच उरत नाही.

प्रश्न : कापणीच्या सणाला आमच्या मंडळीत भोपळे, कोंबड्या, केळीचे घड यांचा लिलाव होतो आणि मोठी बोली लावणाऱ्यांची नावे पुढच्या रविवारी उपासनेत वाचली जातात. हे योग्य आहे काय?
— एक वाचक, जालना

उत्तर : लिलाव जरूर करावा. एक भोपळा बाजारभावाच्या दसपट किमतीला जातो तेव्हा सगळी मंडळी हसते, आणि देताना असा आनंद असावाच. नावे वाचणे मात्र बंद करावे. पाव किलो शेंगा आणून ठेवणाऱ्या आजींचे नाव त्या यादीत कधीच येत नाही. वाचायचाच असेल तर हिशेब वाचावा. यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमलेली रक्कम पौलाने एकट्याने नेली नाही. कोणाला बोट ठेवता येऊ नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली. किती जमले, कशावर खर्च झाले आणि किती शिल्लक आहे हे फलकावर लावावे. बोली लावून पैसे न भरणाऱ्यांकडे खजिनदारांनी स्वतः जावे, त्यांची नावेही फलकावर नकोत.